शेतावरच्या पंगतीत मठ्ठा-पन्हं संध्याकाळपर्यंत गार कसं ठेवायचं

मे महिना, अकोल्याकडचं शेत, रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी असं जेवण, पन्नासेक माणसं. पहिल्यांदा असा बेत केला तेव्हा सकाळी आठला बर्फ घेतला, घमेल्यात टाकला, वरून ताडपत्री ओढली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून निघालो. साडेअकराला घमेल्यात पाणी होतं. पंगत दोनला बसली. मामांनी मठ्ठ्याचा पहिला घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "भाऊ, हा मठ्ठा आहे का कढी?"

चूक बर्फ कमी आणण्याची नव्हती. घरून कोमट मठ्ठा न्यायचा आणि तो शेतावर बर्फाने गार करायचा, हा बेतच चुकलेला होता. बर्फावर दोन कामं टाकली की तो दोन्हींत नापास होतो. गार करायचं काम घरी, आदल्या रात्री उरकायचं. शेतावर बर्फाकडे गार राखायचं एवढंच काम ठेवायचं. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीसाठी आहे.

१. आधी हिशेब

५० माणसं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मी १५ लिटर मठ्ठा आणि १० लिटर पन्हं धरतो. म्हणजे माणशी अर्धा लिटर, दोन-अडीच पेले. पिण्याचं पाणी वेगळं. उन्हात माणशी ३ लिटर तरी लागतं, म्हणजे २० लिटरचे आठ जार. हे पाणी बर्फात ठेवायच्या भानगडीत पडायचं नाही, त्याची सोय पुढे सहाव्या टप्प्यात आहे.

आता बर्फ. शून्य अंशाचा १ किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो. १ लिटर पाणी १ अंशाने गार करायला १ किलोकॅलरी लागते. २५ लिटर पेय ३८ अंशांवरून ८ अंशांवर आणायचं तर ७५० किलोकॅलरी, म्हणजे ९ किलोंहून थोडा जास्त बर्फ नुसता गार करण्यात संपतो. दुसरीकडे, इंचभर जाडीच्या मध्यम थर्माकोल पेटीच्या भिंतींतून बाहेर ४० अंश असताना आठ तासांत जी उष्णता आत शिरते, ती ५ किलोच्या आसपास बर्फ वितळवते. हे झाकण न उघडता. पेय गरम नेलं तर ९ अधिक ५, आणि घरून गार नेलं तर फक्त ५. फरक एवढा सरळ आहे.

दोन पेट्या, झाकणाची उघडझाप आणि रस्त्यातली गळती धरून मी एवढं नेतो: घरी गोठवलेल्या १ लिटरच्या दहा बाटल्या आणि लादीचा १५ किलोचा तुकडा.

> तपासा: पेट्या दोन हव्यात. एक "कोठार", जी दिवसातून दोन-तीनदाच उघडायची. दुसरी "चालू पेटी", जिच्यात सगळ्यांचे हात जाणार. एकाच मोठ्या पेटीने काम भागेल असं वाटतं, पण भागत नाही. पन्नास माणसांत ती दर दोन मिनिटांनी उघडते.

२. दोन दिवस आधी: बाटल्या गोठवा, माठ भिजवा

प्लास्टिकच्या १ लिटरच्या बाटल्या बाहेरून-आतून स्वच्छ धुऊन पिण्याच्या पाण्याने भरा. वर चार बोटं जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं; काठोकाठ भरलेली बाटली फुगून बुड गोल होतं आणि मग ती पेटीत उभी राहत नाही. काचेची बाटली आणि सोड्याची बाटली फ्रीजरमध्ये कधीच नाही.

घरगुती फ्रीजरमध्ये एका वेळी चार-पाच बाटल्यांपेक्षा जास्त घालू नका. दहा एकदम कोंबल्या तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मधोमध पाणीच सापडतं. म्हणून काम दोन दिवस आधी सुरू करायचं, आणि शेजारच्या काकूंच्या फ्रीजरचीही आत्ताच बोलणी करायची. आदल्या रात्री नऊ वाजता बाटल्या घेऊन त्यांच्या दारात उभं राहिलं की त्या नाही म्हणत नाहीत, पण त्यांच्या फ्रीजरमध्ये तोवर दुसरंच काही भरलेलं असतं.

माठ नवा असेल तर दिवस-रात्र पाण्यात बुडवून ठेवा. साबण लावू नका. साबणाने आणि तेलकट हाताने माठाची छिद्रं बुजतात, पाझर थांबतो आणि पाझर थांबला की माठ म्हणजे नुसतं मातीचं भांडं. जुना माठ गार करत नसेल तर बाहेरून काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने खसखसून घासून पाहा.

३. आदल्या दिवशी: पेयं करा आणि गार करा

*पन्हं.* कैऱ्या उकडून गर काढा, गूळ, वेलची, मीठ घालून घोटून ठेवा. पाणी घालू नका. अडीच लिटर गर न्यायचा आणि शेतावर साडेसात लिटर गार पाण्यात कालवायचा. गर खोलीत पूर्ण निवल्यावरच फ्रीजमध्ये. गरम पातेलं आत सरकवलं तर फ्रीज रात्रभर त्या पातेल्याशीच झगडतो आणि शेजारचं दही कोमट राहतं.

गरातला पाव भाग बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा. पन्ह्यात साधा बर्फ टाकला तर ते पांचट होतं. गोठलेला गर टाकला तर उलट दाट होत जातं.

*मठ्ठा.* १५ लिटरला साधारण ५ लिटर दही. दही संध्याकाळपर्यंत लागून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. घुसळायचं सकाळी, निघायच्या तासभर आधी, फ्रीजमधल्या पाण्याने. रात्रीच घुसळून ठेवलेला मठ्ठा दुपारपर्यंत आंबटढोण होतो. आलं-मिरची वाटून घेतलेली सकाळीच घालायची, कोथिंबीर मात्र शेतावर, वाढायच्या आधी. आधी घातलेली काळी पडते. आणि मठ्ठा गोठवायच्या फंदात पडू नका. वितळला की फाटतो, वर पाणी आणि खाली कण.

*पाणी.* पन्ह्याला साडेसात आणि मठ्ठ्याला दहा, असं साडेसतरा लिटर गार पाणी लागणार. दोन-दोन लिटरच्या नऊ बाटल्या झाल्या. उन्हाळ्यात भरलेल्या फ्रीजमध्ये त्यांना गार व्हायला रात्र लागते. सकाळी उठून ठेवू म्हणाल तर कोमटच न्याल.

> फ्रीज पुरत नसेल तर: विहीर आहे का पाहा. खोल विहिरीचं पाणी भर मे महिन्यातही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं. घट्ट बुचाच्या बाटल्या जाळीच्या पिशवीत घालून, दोर बांधून रात्रभर पाण्यात सोडा. वर आणल्यावर पुसून मगच बूच उघडा. ४० वरून २८ वर पाणी फुकटात येतं, पुढचं काम बर्फाचं.

पेट्याही रात्रीच गार करायच्या. माळ्यावरून काढलेली पेटी स्वतःच तापलेली असते. झोपण्यापूर्वी तिच्यात दोन गोठलेल्या बाटल्या टाकून झाकण लावा. सकाळी त्याच बाटल्या पुन्हा फ्रीजरमध्ये टाकल्या की झालं. निघेपर्यंत वरून का होईना कडक होतात.

४. बर्फ आणणं

सकाळी सर्वांत शेवटी. आधी दूध, भाजी, गोवऱ्या, मग बर्फ, मग घरी पेट्या भरून थेट शेत.

दुकानात पहिली गोष्ट रंग पाहायची. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. निळसर लादी पेटीतल्या बंद बाटल्यांभोवती चालेल, पेल्यात अजिबात नाही. पण पांढरी लादी दिसली म्हणून ती पिण्याच्या पाण्याचीच आहे असंही मी धरत नाही. ती फरशीवरून ओढत आणलेली, पोत्यात गुंडाळलेली, टोच्याने फोडलेली असते. उन्हाळ्यात कावीळ आणि विषमज्वर अशाच वाटेने घरात येतात. त्यामुळे माझ्याकडे नियम साधा आहे: लादीचा बर्फ पेयात जात नाही. पेयात जाईल ते फक्त घरी गोठवलेलं.

अख्खा तुकडा घ्या. दुकानदार "फोडून देऊ का?" विचारतो, नको म्हणा. चुरा केलेल्या बर्फाला सगळीकडून हवा लागते आणि तो झरझर वितळतो. फोडायचा तो आपणच, लागेल तेव्हा, लागेल तेवढाच.

तुकडा कोरड्या लाकडी भुशात घोळवून, कोरड्या तागाच्या पोत्यात गुंडाळून न्या. इथे फार लोक चुकतात. माठावर ओलं फडकं गुंडाळतात म्हणून बर्फावरही ओलं पोतं टाकतात. माठाला ओलं लागतं कारण तिथे पाण्याची वाफ होऊन उष्णता निघून जाते. बर्फाला मात्र बाहेरची उष्णता अडवणारी कोरडी, पोकळ भिंत हवी. भिजलेला भुसा ती उष्णता आत पोचवतो. लक्षात ठेवायला सोपं: बर्फाभोवती कोरडं, पाण्याभोवती ओलं.

> खबरदारी: भुसा लागलेला बर्फ पेटीत घालण्यापूर्वी वरून थोडं पाणी ओतून धुवा. नाहीतर बाटल्यांच्या बुचांवर भुसा बसतो आणि पुढे तो मठ्ठ्यात उतरतो.

५. पेटी भरायचा क्रम

हे घरीच करायचं, शेतावर नाही.

१. तळाला गोठलेल्या बाटल्या आडव्या.
२. त्यावर मठ्ठ्याच्या किटल्या आणि पाण्याच्या बाटल्या उभ्या, एकमेकींना चिकटून. किटली स्टीलचीच. पन्हं, मठ्ठा, कोकम अशी आंबट पेयं कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवायची नाहीत. घंगाळ कितीही शोभिवंत असलं तरी.
३. मधल्या फटींत बर्फाचे खडे. फट म्हणजे हवा, आणि हवा गार करायला बर्फ खर्च होतो.
४. वर पुन्हा गोठलेल्या बाटल्या. गार हवा खाली उतरते, त्यामुळे वरचा थर जास्त कामाचा. घाईत बर्फ तेवढा खाली टाकून मोकळे होतात, आणि दुपारी वरच्या बाटल्या कोमट निघतात.
५. उरलेली पोकळी जुन्या टॉवेलने किंवा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याने भरा.
६. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी. कोठाराला तर नक्कीच.

माझ्या दोन पेट्यांची विभागणी अशी: कोठारात मठ्ठ्याच्या दोन किटल्या, पन्ह्यासाठीचं पाणी आणि बर्फाचा मोठा तुकडा. चालू पेटीत मठ्ठ्याची तिसरी किटली, पन्ह्याचा गर आणि पहिल्या दोन तासांना पुरेल एवढं गार पाणी.

पेटीत बर्फाचं पाणी साचू लागलं की कोणीतरी उत्साहाने ते ओतून देतो. देऊ नका. तेही शून्याच्या जवळचंच असतं आणि बाटलीला सगळ्या बाजूंनी चिकटतं. बुचापर्यंत चढलं तरच थोडं काढा, आणि काढलेलं फेकू नका, माठावरच्या फडक्यावर ओता.

गाडीने जाणार असाल तर पेटी डिकीत नको, माणसं बसतात तिथे, पायांशी. शेतावर पोचल्याबरोबर पेटी आधी उतरवायची. बंद करून उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे भट्टी.

६. शेतावर जागा निवडणं

सकाळी नऊला सावली पाहून पेटी ठेवली आणि अकराला ती उन्हात, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. सकाळी सावली झाडाच्या पश्चिमेला लांब पडते. मे महिन्यात दुपारी सूर्य आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा सावली बुंध्याभोवतीच गोळा होते, आणि नंतर पूर्वेला सरकते. म्हणून पेटी बुंध्याला लागून, किंचित पूर्वेकडे ठेवा. सकाळचे दोन तास तिच्यावर पांढरं धोतर किंवा चादर टाका. दुपारनंतर ती आपोआप सावलीत राहते आणि हलवावी लागत नाही.

जमीन तापलेली असते. पेटी विटांवर, फळीवर किंवा सरळ बाजेवर. आणि रोडग्यांच्या विस्तवापासून वीस-पंचवीस पावलं तरी लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला. वाढणाऱ्याला सोयीचं म्हणून पेटी चुलीजवळ ठेवण्याचा मोह होतो. गोवऱ्यांची धग दिसत नाही, पण थर्माकोलला हात लावून पाहा.

*पिण्याचं पाणी.* दोन माठ आणि जार. माठ आदल्या संध्याकाळीच शेतावर भरून ठेवता आले तर उत्तम, कारण रात्रभर पाझरून ते पहाटे गार झालेले असतात. नाही जमलं तर सकाळी पोचल्याबरोबर आधी माठ भरा, बाकी सगळं नंतर. पसरट भांड्यात ओली वाळू, तिच्यावर माठ, अंगाला ओलं सुती फडकं आणि वारा लागेल अशी जागा. सावली हवी, पण कोपरा नको. वारा नसेल तर पाझरलेलं पाणी नुसतं ठिबकतं, गार करत नाही. तोंडावर झाकण, आणि आत लांब दांड्याचं ओगराळं. पेला बुचकळणाऱ्याचा हात तिथल्या तिथे धरायचा.

जारनाही तीच युक्ती करून पाहतात लोक, पण प्लास्टिक पाझरत नाही. जारवर तागाचं पोतं गुंडाळून ते सतत भिजवत राहिलात तर फरक पडतो. खताचं प्लास्टिकचं पोतं पाणी धरत नाही, त्याचा काही उपयोग नाही.

> कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींसाठी: माठावर एवढा भरवसा टाकू नका. विदर्भात ४२ अंशांची कोरडी हवा असते तेव्हा माठातलं पाणी दहा-पंधरा अंश खाली येऊ शकतं. समुद्रकाठी हवा ३३ अंशांचीच, पण दमट. तिथे बाष्पीभवन रेंगाळतं आणि पाणी जेमतेम चार-पाच अंश उतरतं. तिथे बर्फ जास्त धरा. सोलकढी नेणार असाल तर नारळाचं दूध उन्हात फार लवकर बिघडतं, ती बर्फातून काढून लगेच संपवायची.

७. कालवणं आणि वाढणं

पन्हं एकदम दहा लिटर कालवू नका. तीन-तीन लिटरचं करा: पाऊण लिटर गर, सव्वादोन लिटर गार पाणी, वर गोठलेल्या गराचे तुकडे. उघड्या पातेल्यात राहिलेलं पन्हं विदर्भातल्या दुपारी अर्ध्या तासात कोमट होतं. मग कितीही बर्फ घाला, चव गेलेली असते.

मठ्ठ्याची एकेक किटलीच कोठारातून बाहेर काढायची. बाहेर आल्यावर तिच्यात बाहेरून धुतलेली एक गोठलेली, बूच घट्ट असलेली बाटली उभी सोडा. मठ्ठा गार राहतो आणि पाणी मिसळत नाही. सुटा बर्फ टाकलात तर किलोमागे लिटरभर पाणी वाढतं. ५ लिटर मठ्ठ्यात १ किलो बर्फ म्हणजे पंगतीच्या शेवटच्या रांगेला मिठाचं पाणी.

पेटीवर एक माणूस नेमा. गंमत नाही, हेच सर्वांत जास्त बर्फ वाचवतं. आमच्याकडे हे काम दहावीतल्या भाच्याकडे असतं. तो झाकणावरच बसतो. कोणाला काही हवं असेल तर आधी त्याला उठवावं लागतं, त्यामुळे "सहज बघायला" कोणी पेटी उघडत नाही.

> तपासा: दुपारी बारा वाजता कोठार एकदा उघडा. मोठा तुकडा निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर संध्याकाळचा चहा सोडून काही गरम प्यावं लागणार नाही. निम्म्याहून कमी असेल तर लगेच कोणाला तरी गावात पाठवा. तीनला कळून उपयोग नाही, कारण बर्फ यायला तास लागतो.

८. तरीही काही कोमट राहिलं तर

अचानक पाहुणे आले, सोड्याच्या बाटल्या कोमट आहेत. नुसत्या बर्फात त्या रोवून ठेवल्या तर अर्धा तास काही होत नाही, कारण खडे बाटलीला जागोजागी टेकतात आणि मध्ये हवा असते. बादलीत तीन-चार किलो फोडलेला बर्फ, तो बुडेल एवढं पाणी आणि किलोभर खडे मीठ. मिठाने ते पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. कुल्फीवाल्याच्या मडक्यात हेच चालतं. बंद बाटल्या मानेपर्यंत बुडवा आणि अधूनमधून फिरवत राहा. पंधरा-वीस मिनिटांत पिण्याजोग्या होतात.

तिथेच विसरू नका, सोडा गोठून बाटली फुटते. त्या पाण्यात उघडा हात फार वेळ ठेवू नका, कातडी पोळल्यासारखी होते. बाटल्या बाहेर काढल्यावर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर पहिल्या घोटाला ओठावर मीठ लागतं. आणि हे खारं पाणी धुऱ्यावर (बांधावर) किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका, शेत आपलंच आहे. मोकळ्या वाटेवर लांब फेका.

९. उरलेलं

गर गार राहिला असेल तर घरी परत न्या, दोन दिवस चालतो. कालवलेलं पन्हं तिथेच वाटून टाका. बाहेर काढलेल्या किटलीत उरलेला मठ्ठा परत फ्रीजमध्ये ठेवू नका. कोठारातली न उघडलेली किटली अजून हाताला झोंबत असेल तरच ती न्या. दुसऱ्या दिवशी तिची कढी करा. मामांना सांगून.

पेट्या घरी आल्यावर धुऊन, झाकण उघडं ठेवून एक दिवस उन्हात वाळवा. ओल्या बंद करून माळ्यावर टाकल्या तर पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या मठ्ठ्याला त्यांचा वास येतो.